कुलपाची मुदत

भांडायचं म्हणून ती त्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिरली, आणि भांडली भलत्याच माणसाशी.

बाहेर पाऊस असा तिरपा लागला होता की छत्री असून नसल्यासारखी. ओढणीचं टोक पिळत ती काउंटरपाशी आली. तिथे एक उंच, चष्मेवाला माणूस वायरचं वेटोळं हातात धरून उभा होता. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, म्हणजे दुकानदार हाच, असं तिनं ठरवून टाकलं आणि सुरुवात केली. तुम्ही करून दिलेल्या वेबसाइटवर ‘सुरक्षित नाही’ अशी पाटी येतेय. गिऱ्हाइकं अर्ध्यातून परत फिरतायत. फोन केला तर तुम्ही उचलत नाही. काम मागायला फोन केलात तेव्हा बोलणं कसं साखरेत घोळलेलं होतं, आणि आता तोंड दाखवायला तयार नाही. तो माणूस मधे एकदाही बोलला नाही. ती श्वास घ्यायला थांबली, तेव्हा तो शांतपणे म्हणाला,

“झालं तुमचं?”

“झालं.”

“मग हेच सगळं एकदा यांना सांगा. मी वायर घ्यायला आलोय.”

आतल्या पडद्याआडून खरा दुकानदार हात पुसत बाहेर येत होता. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पुन्हा तेवढ्याच तोऱ्यात भांडणं काही जमेना. दुकानदारानंही तेवढ्यात अंग काढून घेतलं. पानं दिसायला सुंदर करून देणं हे त्याचं काम, ते सुरक्षेचं, कुलपाचं वगैरे त्याच्याकडे नसतं, असं म्हणाला.

“माझ्याकडे असतं,” चष्मेवाला म्हणाला. आणि मग, आपण आगाऊपणा केला की काय अशा चेहऱ्यानं, “म्हणजे... कंपनीत दिवसभर तेच करतो मी. सर्व्हर सांभाळतो.”

ती हसली. एवढं सगळं ऐकून घेतलेल्या माणसाला निदान हसून दाखवणं तरी भाग होतं. पण त्यानं ते हसू जरा जास्तच वेळ पाहिलं, आणि पैसे न देताच वायर घेऊन निघाला. दुकानदारानं हाक मारून परत बोलावलं.

तिच्या घरी बूट बनत. कारखाना म्हणायची पद्धत, पण होत्या दोनच खोल्या. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक, मागच्या खोलीत वडील. वडील साधे बूट करत नसत. एक पाय आखूड, एक लांब. कुणाची बोटं अपघातात गेलेली, कुणाच्या घोट्याला जन्मापासून पीळ. ज्यांचे दोन पाय एकमेकांसारखे नाहीत अशा माणसांसाठी ते बूट करत, आणि त्या दोन पायांना एका चालीनं चालायला लावत. अलीकडे त्यांच्या हाताला कंप सुटला होता. टाके घालायची आरी आणि कातडं कापायची रापी हळूहळू मुलीच्या हातात आल्या होत्या. आत्या, म्हणजे वडिलांची थोरली बहीण, अस्तरं शिवायची आणि उरलेल्या वेळात सगळ्यांना शिस्त लावायची.

लांबलांबची माणसं वेबसाइटवरून मापं पाठवत, सोबत पायांचे फोटो. आपला चेहरा माणूस जगाला दाखवत सुटतो. पण असा पाय अनोळखी माणसाला दाखवायचा तर छाती लागते. आणि नेमक्या त्याच क्षणी पडद्यावर ‘सुरक्षित नाही’ आलं, तर तो परत कशाला येईल? तिच्या भांडणाचं मूळ हे होतं.

काम अंगावर घेतलेल्या त्या सर्व्हरवाल्यानं आधी वेबसाइट बाहेर, भाड्याच्या सर्व्हरवर ठेवायचं सुचवून पाहिलं. वडील ऐकेनात. लोकांनी विश्वासानं पाय दाखवलेत, ते मी परक्याच्या घरात ठेवणार नाही, म्हणाले. तो वाद घालणाऱ्यांतला नव्हता. पुढच्या सुट्टीच्या दिवशी स्वतःचा एक जुना कॉम्प्युटर उराशी धरून दारात हजर झाला. वर प्लास्टिकचा कागद कॉम्प्युटरला, स्वतः नखशिखांत भिजलेला.

“छत्री नाही का तुमच्याकडे?” तिनं विचारलं.

“आहे ना. हात दोनच आहेत.”

लाकडी साच्यांच्या फळीवर, अगदी मधोमध, त्या मशीनला जागा मिळाली. आत्यानं लगेच त्यावर भरतकामाचा रुमाल घातला. मशीनला गरम होतं म्हणून त्यानं तो हळूच काढला. तो पाठमोरा झाल्यावर आत्यानं पुन्हा घातला. असं दिवसभर चाललं. शेवटी आत्या रुसली आणि हा माणूस काही आपल्या घरात रुळायचा नाही, असं तिनं जाहीर केलं.

आत्याचे अंदाज सहसा चुकत. तो चांगला रुळला.

सगळं एका दिवसात होण्यासारखं होतं, हे तिला नंतर कळलं. त्यानं त्या कामाला कितीतरी सुट्ट्या घेतल्या. मशीन पुसून कोरं करायला एक दिवस. पानं दाखवणारा प्रोग्राम बसवायला एक. मग दारं बंद करायला एक... ती शेजारी स्टुलावर बसून बुटाच्या तळाला टाके घालत असे आणि प्रत्येक गोष्टीचं ‘का’ विचारत असे.

“दारं? एवढ्याशा पेटीला?”

“हजारो असतात. आपण दोनच उघडी ठेवायची. एक साधं, सवयीनं येणाऱ्यांसाठी. ते फक्त दुसऱ्याकडे पाठवतं. दुसऱ्याला कुलूप.”

“आणि तुम्ही लोक लांब बसून मशीनच्या आत शिरून दुरुस्ती करता, ते दार?”

“तेही बंद. ज्याला काही बदलायचंय, त्यानं या खोलीत येऊन बसायचं.”

“तुम्हीसुद्धा?”

“मीसुद्धा.”

“म्हणजे काही बिघडलं तर...”

“यावं लागेल.”

तो हे मशीनकडे बघत म्हणाला. त्याचे कान मात्र लाल झाले होते. तिच्या हातातला टाका चुकला, आणि तो उसवायला तिनं उगाचच फार वेळ लावला.

कुलपाचं त्यानं तिला असं समजावलं. गिऱ्हाईक आणि मशीन बोलायला लागण्याआधी दोघं एकमेकांना भेटतात. मशीन आपली ओळख दाखवतं, गिऱ्हाईक ती पारखून घेतं, मग दोघं मिळून एक गुपित ठरवतात. त्यानंतरचं सगळं बोलणं त्या गुपितात गुंडाळलेलं. वाटेत कुणी चोरून ऐकलं तरी त्याच्या हाती नुसती गिचमिड लागते.

“लाजरी दिसतात तुमची मशिनं,” ती म्हणाली. “सगळं गुपचूप.”

“लाजरी नाहीत. आधी खात्री करून घेतात, मग धडाधड बोलतात.”

“आणि तुम्ही?”

“माझं खात्रीपाशीच अडतं,” तो म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला. चष्मा स्वच्छच होता.

ओळख दाखवायला प्रमाणपत्र लागतं. ते देणारी एक संस्था असते, कुठेतरी लांब. पत्ता खरंच तुमचा आहे का, असं ती विचारते, आणि घराच्या आतून एक खूण लावून दाखवा म्हणते. त्यानं खूण लावली. पलीकडून पाहणी झाली. प्रमाणपत्र आलं. तिच्या फोनवर पत्त्याच्या शेजारी छोटंसं कुलूप उमटलं, तेव्हा ती टाळी वाजवायला निघाली होती, पण हातात आरी होती. कुलपावर बोट ठेवलं की मुदतीची तारीखही दिसते, आणि जगात कुणालाही कुठूनही दिसते, हे त्यानं दाखवलं.

“फक्त तीन महिने?”

“कायमचा विश्वास कुणी ठेवत नाही. थोडे दिवस झाले की पुन्हा विचारतात, अजून तुम्हीच आहात ना.”

“पद्धत चांगली आहे,” ती म्हणाली. “माणसांनीही उचलायला हरकत नाही.”

तो हसला. मग त्यानं शेवटचं काम केलं. मुदत संपायच्या थोडं आधी मशीन आपलं आपणच नवं प्रमाणपत्र मागून आणेल, अशी व्यवस्था. ती चालू कशी करायची, बंद कशी करायची, हे तिनं हट्टानं शिकून घेतलं. घरात आपल्याशिवाय ते कुणाला जमणार नाही, याचा तिला थोडा अभिमानही वाटला.

आणि त्याचं काम संपलं.

काम संपलं की कामाचा माणूस येत नाही, ही साधी गोष्ट. पण ती तिच्या लक्षात आली ती पुढच्या सुट्टीच्या सकाळी, दोन कप चहा केल्यावर. वडील सकाळी चहा घेत नसत. आत्या तिचा तिचा करून घ्यायची. तिनं दुसरा कप स्वतःच प्यायला आणि मशीनमध्ये काही बिघडलंय का ते बघितलं. काही बिघडलेलं नव्हतं. त्या आठवड्यात नाही, त्याच्या पुढच्याही आठवड्यात नाही. असलं चोख काम करून ठेवणाऱ्या माणसाचा तिला रागच आला.

मग एका दुपारी, आत्या झोपलेली बघून, ती मशीनपुढे बसली आणि ती आपोआपची व्यवस्था तिनं बंद करून टाकली. एका ओळीचं काम. छाती मात्र अशी धडधडत होती, की जणू शेजाऱ्याच्या झाडावरून काही तोडलं होतं.

मुदत संपली. पान लाल झालं, ‘सुरक्षित नाही’ची पाटी परत आली. तिनं फोन करून शक्य तितक्या काळजीच्या सुरात सांगितलं की कुलूप गेलंय. तो संध्याकाळीच आला. मशीनपुढे बसला, काहीतरी बघितलं, आणि तेच पुन्हा एकदा बघितलं. ती खिडकीतून रस्ता बघत उभी राहिली. रस्त्यावर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

“कशानं झालं?” तिनं विचारलं.

“होतं कधी कधी.”

“पुन्हा होईल?”

“मशीनचं काही सांगता येत नाही,” तो म्हणाला. हातानं नवं प्रमाणपत्र आणून बसवलं, आणि चहा घेऊन, वडिलांशी गप्पा मारून, उशिरा गेला.

हुशार हुशार म्हणतात, आणि एवढं साधं कळलं नाही, असं ती मनात म्हणाली आणि खुशीत झोपली.

मग ती रीतच पडली. तीन महिने झाले की कुलूप जायचं, फोन जायचा, तो यायचा. येताना कधी वडिलांसाठी मोठ्या भिंगाचा दिवा, कधी आत्यासाठी मशीनवर घालायला जाळीचं कापड, ज्यातून हवा खेळते. आत्या विरघळली. एकदा बुटाच्या तळाला टाके घालताना तिच्या बोटात सुई घुसली, तर त्यानं बोट हातात धरून ठेवलं, रक्त थांबल्यावरही... पाय घेऊन येणाऱ्या माणसांबद्दल ती त्याला सांगत राही. तो ऐकत असे, जसं पहिल्या दिवशी भांडण ऐकून घेतलं होतं, अगदी तसंच. मधले एक-दोन दिवस पान लाल राहायचं. एखाद-दुसऱ्या दिवसानं कुणाचं काय अडतंय, असं ती स्वतःला समजवायची. प्रेमात पडलेलं माणूस हिशेबाला कच्चंच असतं.

मग एका खेपेला तो आला तेव्हा हातात काही नव्हतं. वडिलांच्या पाया पडला. आत्यानं कारण विचारलं, तेव्हा सांगितलं. समुद्रापलीकडे, कंपनीच्या मोठ्या केंद्रात, त्याला बोलावलं होतं. अशी संधी पुन्हा येत नाही, असं सगळे म्हणतायत म्हणाला. ‘सगळे’ हा शब्द त्यानं जरा रेंगाळत म्हटला, आणि तिच्याकडे बघितलं.

ती काय म्हणणार होती? वडिलांचा कंप वाढला होता. ही दोन खोल्यांची जागा सोडून ती कुठे जाऊ शकत नव्हती, आणि दोन खोल्यांसाठी त्यानं समुद्रापलीकडच्या संधीवर पाणी सोडावं असं म्हणायचं कोणत्या तोंडानं? एखाद्याच्या चालत्या पायात पाय घालायचा नाही, एवढं तर या घरात जन्मल्यापासून शिकवलेलं.

“छान झालं,” ती म्हणाली. “खरंच छान झालं. तुमचं तिथं सोनं होईल.”

त्यानं मान हलवली. मग मशीनपुढे बसला, नवं प्रमाणपत्र आणलं, आणि आणखी एक ओळ लिहिली. कुठली, ते तिला शेजारी उभं राहून दिसत होतं.

“आता हे आपोआप होत जाईल,” तो पडद्याकडे बघत म्हणाला. “बंद करावंसं वाटलं तर कसं करायचं... ते तुम्हाला ठाऊक आहे. पहिल्यापासून ठाऊक आहे.”

त्याच्या आवाजात हसू होतं. पण ते ऐकू येण्यापलीकडे ती गेली होती. याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. तिच्या काळजीच्या सुरातले ते सगळे फोन तिला एकदम आठवले आणि कानशिलं तापली. आता पुरे, मला पुन्हा बोलावू नका, असं हा सभ्यपणानं सांगतोय, एवढंच तिला समजलं. तिनं मान खाली घातली आणि चहा टाकायला आत गेली. चहा झाला तेव्हा तो वडिलांचा निरोप घेऊन दारात उभा होता. छत्री उघडलेली, आणि तरी पाय निघत नव्हता.

“येतो मी,” तो म्हणाला.

“या,” ती म्हणाली.

पोहोचल्याचा निरोप आला. तिनं ‘काळजी घ्या’ लिहिलं. त्यापुढे लिहिण्यासारखं तिला दुसरं काही सुचेना. जे सुचत होतं, ते लिहिण्यासारखं नव्हतं.

लाज ओसरली, तशी आठवण मात्र वाढत गेली. एका दुपारी आत्या झोपल्यावर ती पुन्हा मशीनपुढे बसली. ती एक ओळ लिहूनही झाली. फक्त बटण दाबायचं बाकी होतं. तो येणार नाही, हे तिला कळत होतं. सात समुद्रांपलीकडून कुणी कुलूप दुरुस्त करायला येतं का? पण बंद केलं की निदान फोन करायला कारण मिळेल... आणि तेवढ्यात पुढच्या खोलीत कुणीतरी हाक मारली.

एक चित्रकलेची शिक्षिका होती. तिच्याच वयाची. बसच्या अपघातात उजव्या पावलाचा पुढचा भाग गेलेला. डॉक्टरांनी पाठवलं म्हणाली, नाहीतर आले नसते. खरं म्हणजे मागेच वेबसाइटवरून फोटो पाठवणार होते. फोटो काढायलाच कितीतरी दिवस घेतले. नवऱ्यालासुद्धा तो पाय दाखवत नव्हते मी तेव्हा. एक दिवस धीर केला, बसले, आणि नेमकं तुमचं पान लाल. ‘तुमची माहिती चोरीला जाऊ शकते.’ बंद केलं. पुन्हा काही हात धजावला नाही. मग साध्याच बुटात कापूस कोंबून चालत राहिले.

“तुमचं त्या दिवशी काहीतरी बिघडलं असेल,” शिक्षिका हसून म्हणाली. “माझं नशीब असलंच. दुकानात गेले की शटर खाली.”

शिक्षिकेनं बूट उतरवला. कापूस जखमेला चिकटला होता. जखम जुनी होऊन पुन्हा पुन्हा फुटलेली. ती कोमट पाणी घेऊन खाली बसली आणि तो पाय धुवायला लागली. वर बघायचं तिला धाडस होईना. काही बिघडलं नव्हतं. तिला एका माणसाला चहाला बोलवायचं होतं, म्हणून या बाईनं इतके महिने जखमेवर चालून काढले. शिक्षिकेनं विचारलं, अहो, रडताय का तुम्ही? तिनं मानेनंच नाही म्हटलं आणि माप घेतलं, दोनदा, तीनदा, पुन्हा पुन्हा.

शिक्षिका गेल्यावर तिनं मशीनपुढे बसून ती लिहिलेली ओळ पुसून टाकली.

त्यानंतर रोज सकाळी, केर काढायच्याही आधी, ती फोनवर कुलूप उघडून तारीख बघायची. कधी काळी ती तारीख संपायची वाट बघत होती, आता संपेल की काय या धास्तीनं बघायची. आणि एके सकाळी तारीख आपोआप पुढे गेलेली दिसली. त्याची व्यवस्था नीट चालली होती. तिनं मशीनवरची जाळी सारखी केली, आणि मग तिला एकटीलाच बसून रडू आलं. आता फोन करायला कुठलंच कारण उरलं नव्हतं.

त्याच्याकडून पुढे काही आलं नाही. वर्ष गेलं. दुसरंही अर्धंअधिक गेलं. वडिलांनी आरी कायमची खाली ठेवली, नजरही अधू झाली. शिक्षिका नव्या बुटांत वर्गभर फिरते, असं तिनं एकदा येऊन सांगितलं.

तो आला तेव्हा ती दाराकडे पाठ करून टाच ठोकत होती. ओल्या छत्रीचा वास आला, आणि मागून कुणी काही बोललं नाही. न बोलता उभं राहणारा माणूस तिच्या ओळखीत एकच होता.

“आईच्या पायांना सूज येते,” तो म्हणाला. “तिला घेऊन जायला आलोय. तिकडे थंडी फार. बूट हवेत.”

“वेबसाइटवरून मापं पाठवता आली असती.”

“आली असती.”

तिनं स्टूल पुढे केलं. तो जाडसर झाला होता, चष्मा बदलला होता. आईचं माप कागदावर काढून आणलेलं होतं, दोन्ही पावलांच्या रेघा, कामसू माणसानं काढाव्यात तशा. सहज सांगावं तसं त्यानं सांगितलं की तिकडेच ठरलंय. पुढच्या महिन्यात लग्न. त्याच कंपनीतली आहे. चांगली आहे. आईला म्हणूनच नेतोय.

“अभिनंदन,” ती म्हणाली. हातोडी तिनं खाली ठेवली.

मशीन अजून आहे का, असं त्यानं विचारलं. फळीवर होतंच. त्यानं जाळी बाजूला केली, थोडं बघितलं.

“एकदाही चुकलं नाही,” तो म्हणाला.

“चुकू दिलं नाही.”

बाहेर पागोळ्या लागल्या होत्या. मग तो मशीनशीच बोलावं तसं बोलायला लागला.

“मी तिथून रोज बघायचो... तारीख.”

“कसली तारीख?”

“कुलपाची. मला वाटायचं, तुम्ही परत बंद कराल. मग पान लाल होईल. तसं झालं तर सगळं सोडून यायचं, असं ठरवून गेलो होतो. नोकरी, ते केंद्र, सगळं.” त्यानं जाळीचं टोक बोटात धरलं. “तोंडानं विचारायचं धाडस नव्हतं. म्हटलं, असं विचारावं. जाताना बोललो होतो ना, बंद कसं करायचं ठाऊक आहे म्हणून... मग एके सकाळी तारीख पुढे गेलेली दिसली. म्हटलं, मिळालं उत्तर. नंतर नाही बघितलं कधी.”

ती सकाळ तिला आठवत होती. त्या एकाच सकाळी, जगाच्या दोन टोकांना, दोन माणसं एकच तारीख बघत बसली होती. रडली ती एकटीच असं इतके दिवस तिला वाटत होतं.

तिनं त्याला शिक्षिकेचं सांगितलं. कापूस कसा चिकटला होता, ते. लिहिलेली ओळ कशी पुसली, ते. सांगताना तिनं काही राखून ठेवलं नाही. त्यानं चष्मा काढला, आणि या वेळी पुसला नाही, नुसता हातात धरून बसला.

“बरोबर केलंत तुम्ही,” तो शेवटी म्हणाला.

तो चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो तसा असता तर तिनं त्याला जीव लावलाच नसता.

“मला तुम्ही हवे होतात,” ती म्हणाली. “एवढंच वाक्य होतं. त्याला मशीन कशाला लागत होतं?”

“माझंही तेवढंच होतं.” त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. “अजूनही...”

“ते नका बोलू.” तिनं हात पुढे केला आणि त्याला न लावताच मागे घेतला. “तिकडे एक मुलगी वाट बघतेय. तिचा काय दोष यात.”

तो उठला. जाळी पुन्हा नीट घातली. आईचे बूट आठवड्यात होतील, असं ती म्हणाली. न्यायला कुणालातरी पाठवतो, असं तो म्हणाला. दोघांनाही तेच बरं वाटलं. दारात जाऊन त्यानं छत्री उघडली, एकदा वळून बघितलं, आणि पावसात उतरला. वळणापर्यंत ती छत्री दिसत राहिली.

ती जागेवर येऊन बसली. दोन पावलांच्या रेघांचा कागद समोर होता. तिनं माप घ्यायला पट्टी उचलली आणि तशीच धरून ठेवली. आतल्या खोलीतून वडिलांनी विचारलं, कोण आलं होतं गं?

“सर्व्हरवाले.”

“ते? इतक्या दिवसांनी?” वडिलांच्या आवाजात खरा आनंद होता. “मग जेवायला थांबवलं नाहीस?”

तिनं पट्टी कागदावर ठेवली. डोळे भरले होते, आकडे दिसत नव्हते.

“थांबवायला हवं होतं, बाबा,” ती म्हणाली.